सीबीडी तेल: रेणू, मात्रा आणि यकृत

गांजाच्या झाडापासून काढलेले एक तेल अमेरिकेत आणि युरोपात औषधांच्या दुकानांत, प्रसाधनांच्या मांडणीवर आणि पेट्रोल पंपालगतच्या किराणा दुकानातही मिळते. ते घेतल्यावर नशा चढत नाही. झोप न लागणे, सांधे दुखणे, मनाची घालमेल, त्वचेची खाज अशा एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या तक्रारींवर ते विकले जाते आणि दिवसाला पाच-दहा थेंब जिभेखाली ठेवावेत असे बाटलीवर लिहिलेले असते. याच तेलातला मुख्य रेणू लहान मुलांच्या अतिशय अवघड अपस्मारावर मेंदूविकारतज्ज्ञ वजनाप्रमाणे मोजून देतात, तेव्हा मात्र ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. नशेच्या झाडातून नशा न आणणारे तेल कसे निघते, आणि दुकानात निर्धोक मानला जाणारा रेणू दवाखान्यात इतक्या सावधपणे का हाताळला जातो, या दोन कोड्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पहिल्याचे उत्तर रेणूच्या आकारात आहे, दुसऱ्याचे मात्रेत.

झाडात नेमके काय असते

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने वाटून भांग होते, मादी झाडाचे फुलोरे वाळवून गांजा आणि फुलोऱ्यावरची चिकट राळ वेगळी काढून चरस. राळ तयार होते ती फुलांवरच्या आणि लगतच्या कोवळ्या पानांवरच्या केसांइतक्या बारीक ग्रंथींत. तिच्यात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड, म्हणजे या झाडाची खास अशी संयुगे सापडली आहेत. त्यांतली दोन ठळक: नशा आणणारे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल ऊर्फ टीएचसी आणि नशा न आणणारे कॅनाबिडिऑल ऊर्फ सीबीडी.

ही दोन्ही एकाच कच्च्या मालापासून बनतात. झाडातले एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) त्या मालाला टीएचसीच्या वाटेने नेते, दुसरे सीबीडीच्या. कोणते विकर अधिक हे झाडाच्या वाणावर ठरते. धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या वाणांत टीएचसी नगण्य असते. नशेसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या वाणांत ते भरपूर असते आणि भारतातले पारंपरिक गांजाचे वाण बहुतांशी या दुसऱ्या गटातले आहेत. ताज्या झाडात दोन्ही संयुगे आम्लाच्या रूपात असतात. उष्णता लागली की त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि क्रियाशील रेणू उरतो. म्हणूनच तेल बनवताना माल आधी तापवून घेतात, मग अल्कोहोल किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून अर्क काढतात आणि तो तिळाच्या किंवा खोबऱ्यापासून काढलेल्या तेलात पातळ करतात.

बाजारात या अर्काचे तीन प्रकार मिळतात. ‘फुल स्पेक्ट्रम’ तेलात झाडातली बहुतेक संयुगे राहतात, त्यांत थोडे टीएचसीही आले. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’मध्ये टीएचसी वेगळे काढल्याचा दावा असतो. ‘आयसोलेट’ म्हणजे जवळजवळ शुद्ध सीबीडी. चौथी बाटली मात्र यांतली नाही, आणि तीच सर्वाधिक घोटाळा करते. ती म्हणजे हेम्पच्या, अर्थात भांगेच्या बियांचे तेल. बियांमध्ये राळेच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे बियांच्या तेलात सीबीडी जवळपास नसतेच. जवसाच्या किंवा तिळाच्या तेलासारखे ते एक खाद्यतेल आहे. दोन्ही बाटल्यांवर हिरव्या पानाचे तेच चित्र असते आणि बियांचे तेल सीबीडीच्या भावाने घेणारे ग्राहक कमी नाहीत.

नशा का चढत नाही

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये सीबीडी वेगळे केले. त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलाम यांनी उलगडली, आणि पुढच्याच वर्षी मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात मिळवले. तेव्हा दिसले की दोन्ही रेणूंत २१ कार्बन, ३० हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू आहेत. अणू तेच, संख्या तीच. फरक एका कड्याचा आहे. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन अणू कड्यात अडकून तिसरे कडे बंद होते आणि रेणू सपाटसा राहतो. सीबीडीत ते कडे उघडे असते, त्यामुळे रेणूचे दोन भाग एकमेकांशी काटकोनाकडे झुकतात.

हा वाक महत्त्वाचा ठरतो, कारण मेंदूतल्या चेतापेशींच्या पृष्ठभागावर ‘सीबी-१’ नावाचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे ठरावीक आकाराच्या रेणूला धरून ठेवणारे आणि धरल्यावर पेशीच्या आत संदेश पाठवणारे प्रथिन. सीबी-१ चा शोध १९८८ मध्ये लागला. हे रिसेप्टर स्मृती, हालचाल, भूक आणि वेळेचे भान सांभाळणाऱ्या भागांत दाटीने असतात. गांजा ओढल्यावर नेमक्या याच गोष्टी का बिघडतात हे त्यावरून समजते. शरीराने ते गांजासाठी बनवलेले नाहीत. शरीर स्वतःच तशा प्रकारचे रेणू तयार करते आणि त्यांतला पहिला १९९२ मध्ये सापडला, तेव्हा संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’वरून त्याचे नाव आनंदामाइड ठेवले. एखाद्या चेतापेशीवर संदेशांचा मारा फार झाला की ती असे रेणू मागच्या दिशेने सोडते आणि संदेश पाठवणाऱ्या पेशीला आवरते. काम झाले की हे रेणू लगेच मोडले जातात. टीएचसी त्याच जागी बसते, पण लवकर हटत नाही.

सीबीडी आपल्या वाकलेल्या आकारामुळे सीबी-१ ला नीट धरतच नाही. उलट ते रिसेप्टरच्या दुसऱ्या बाजूला चिकटून त्याचा जोर थोडा कमी करते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्याची मुख्य कामे इतरत्र चालतात. मिरचीचा तिखटपणा ज्या प्रथिनामुळे जाणवतो, त्या ‘टीआरपीव्ही-१’वर ते परिणाम करते. चेतापेशींची उत्तेजना वाढवणाऱ्या ‘जीपीआर-५५’ या रिसेप्टरला ते अडवते. मेंदूला शांतवणारा ॲडेनोसिन हा रेणू पेशींत परत ओढला जाण्याची क्रियाही ते मंदावते, त्यामुळे ॲडेनोसिन पेशींबाहेर जास्त वेळ टिकते. अपस्मारात सीबीडी कसे काम करते याचे आजचे स्पष्टीकरण प्रामुख्याने या तीन परिणामांवर उभे आहे. चिंतेच्या बाबतीत सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचाही विचार होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचा आढावा घेतला आणि त्याचे व्यसन लागण्याची किंवा गैरवापर होण्याची चिन्हे आढळत नाहीत असा निष्कर्ष काढला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनेही त्याच वर्षापासून खेळाडूंसाठी सीबीडीवरील बंदी उठवली, टीएचसीवरची कायम ठेवली. यातून एक गैरसमज मात्र पसरला. नशा होत नाही म्हणजे मेंदूवर परिणामच होत नाही, असे मुळीच नाही. मोठ्या मात्रेत सीबीडी गुंगी आणते, आणि आकडी थांबवते तेही मेंदूवर काम करूनच.

कोलकात्यापासून अपस्मारापर्यंत

गांजाच्या झाडाचा आकडीवर उपयोग आधुनिक वैद्यकाने पहिल्यांदा नोंदवला तो भारतात. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणारे आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी इथले वैद्य आणि हकीम काय वापरतात ते पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग रुग्णांना अर्क दिला. १८३९ मध्ये त्यांनी लिहिलेल्या निबंधात आकडीने बेजार झालेल्या एका तान्ह्या बाळाची हकिकत आहे. त्या अर्कात नेमके काय होते हे कळायला आणखी शतकभर जावे लागले.

शुद्ध सीबीडीची अपस्मारावरची एक सुरुवातीची नियंत्रित चाचणी १९८० मध्ये ब्राझीलमध्ये झाली. एलिसाल्दो कार्लिनी आणि मेशुलाम हे दोघेही तिच्यात होते. आठ रुग्णांना रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सीबीडी मिळाले आणि त्यांतल्या चौघांचे झटके जवळजवळ थांबले. परिणाम लक्षवेधी होता, पण रुग्ण मोजकेच असल्याने विषय तिथेच थंडावला. २०१३ च्या सुमारास अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील एका चिमुकलीचे झटके सीबीडीने कमालीचे कमी झाल्याची कहाणी दूरचित्रवाणीवर आली आणि हजारो पालक त्या तेलाच्या शोधात निघाले. एका मुलीवरून औषध सिद्ध होत नाही. तरी या मागणीमुळे काटेकोर चाचण्यांना वेग आला हे खरे.

त्या चाचण्या ब्रिटनच्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्स कंपनीच्या शुद्ध सीबीडी औषधाच्या होत्या. ड्रॅव्हे सिंड्रोम हा एका जनुकातील दोषामुळे तान्हेपणीच सुरू होणारा अपस्मार. ताप येताच झटके सुरू होतात, नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत आणि मुलाची वाढ मागे पडते. या आजाराची १२० मुले व तरुण रुग्ण निवडून निम्म्यांना सीबीडी दिले, उरलेल्यांना तसेच दिसणारे आणि तशाच चवीचे, पण औषध नसलेले द्रव. कोणाला काय मिळते हे पालकांना माहीत नव्हते, डॉक्टरांनाही नाही. सीबीडी गटात महिन्याला येणारे मोठे झटके मध्यमानाने १२.४ वरून ५.९ वर आले, दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१ वर. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लेनॉक्स-गॅस्टॉ या दुसऱ्या हट्टी अपस्मारातही औषध उपयोगी पडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ‘एपिडायोलेक्स’ या नावाने त्याला मान्यता दिली आणि २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या तिसऱ्या आजाराची भर घातली. २०१९ पासून ते युरोपातही मान्य आहे.

झटके निम्म्यावर येणे हे बाहेरच्या माणसाला अर्धवट यश वाटेल. दिवसा-रात्री मुलाच्या उशाशी बसणाऱ्या आईबापांना त्याची किंमत माहीत असते. त्याच चाचणीत मोठे झटके पूर्ण थांबलेली मुले मात्र शंभरात पाचच्या आसपास होती, आणि सीबीडीने अपस्मार बरा होतो असे सांगणाऱ्याने हा आकडा लपवू नये.

इतर दुखण्यांत काय आढळले

दुकानातून तेल घेणाऱ्यांत अपस्माराचे रुग्ण थोडे, सांधेदुखीचे आणि निद्रानाशाचे खूप. सांधेदुखीवर डेन्मार्कमध्ये एक चांगली चाचणी झाली. हाताच्या संधिवाताच्या आणि सोरायसिसमुळे सांधे सुजलेल्या १३६ रुग्णांना बारा आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी किंवा औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. दुखण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्रा कमी पडली असेल असे म्हणावे, तर ऑस्ट्रियात गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांना रोज ६०० मिलिग्रॅम आठ आठवडे दिले आणि तिथेही पॅरासिटामॉलच्या पलीकडे जास्तीचा आराम मिळाला नाही.

चिंतेच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. ब्राझीलमधल्या प्रयोगांत लोकांना अचानक श्रोत्यांसमोर बोलायला लावून त्यांची धास्ती मोजली. ३०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने ती कमी झाली. १०० मिलिग्रॅमने झाली नाही आणि ९०० नेही नाही. म्हणजे मात्रा वाढवत नेली की गुण वाढेलच असे नाही, मधल्या एका टप्प्यावर तो येतो आणि पुढे ओसरतो. हे प्रयोग छोटे होते आणि एका दिवसाच्या धास्तीवर होते. वर्षानुवर्षांच्या चिंताविकारावर रोज तेल घ्यावे की नाही हे त्यांतून ठरत नाही. झोपेबाबतचा पुरावा याहून तोकडा आहे. कर्करोग बरा होतो हा दावा माणसांवरच्या कोणत्याही भरवशाच्या चाचणीवर टेकलेला नाही, आणि त्यापायी उपचार लांबवलेल्या रुग्णाचे नुकसान भरून निघत नाही.

मग इतक्या लोकांना बरे वाटते ते कशाने? सांधेदुखी आणि झोप यांना चढउतार असतात. तक्रार शिगेला पोहोचली की माणूस नवे औषध घेतो आणि त्यानंतर ती आपोआपही थोडी उतरते. महाग बाटलीवरचा विश्वास त्यात भर घालतो. डेन्मार्कच्या आणि ऑस्ट्रियाच्या चाचण्यांत सीबीडी न मिळालेल्यांचेही दुखणे कमी झाले होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

| चौकट: एका बाटलीचे गणित |
|---|
| ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिले असेल, तर ते संपूर्ण बाटलीतले सीबीडी. एका मिलिलिटरमध्ये सुमारे ३३ मिलिग्रॅम आणि एका थेंबात (मिलिलिटरला २० थेंब धरून) दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. दहा थेंबांनी साधारण १७ मिलिग्रॅम पोटात जातात. अपस्मारात सुरुवातीची मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅम, आठवड्यानंतर १० आणि ड्रॅव्हे किंवा लेनॉक्स-गॅस्टॉमध्ये गरज पडल्यास २० पर्यंत. वीस किलोच्या मुलाला १० च्या हिशेबाने रोज २०० मिलिग्रॅम लागतात. वरच्या बाटलीतून ते द्यायचे तर रोज ६ मिलिलिटर, म्हणजे बाटली पाच दिवसांत संपेल. चिंतेच्या प्रयोगातली ३०० मिलिग्रॅमची एक मात्रा म्हणजे त्याच बाटलीतले ९ मिलिलिटर, सुमारे १८० थेंब. |

या हिशेबातून दिसते की ज्या मात्रेत सीबीडीचा गुण सिद्ध झाला आहे ती दुकानातल्या थेंबांच्या कित्येक पट आहे. त्या मात्रेला दुष्परिणामही आहेत. आणि ज्या मात्रेला दुष्परिणाम फारसे दिसत नाहीत, तिचा गुण कोणी दाखवून दिलेला नाही. सीबीडीच्या जाहिराती मोठ्या मात्रेचा गुण सांगतात आणि लहान मात्रेची निर्धोकता. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असल्या, तरी एकाच बाटलीला एका वेळी लागू होत नाहीत.

जेवणाआधी की जेवणानंतर

सीबीडी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. उपाशीपोटी घेतलेल्या सीबीडीचा फारच थोडा अंश, शंभरात सहा भागांच्या आसपास, रक्तात पोहोचतो. उरलेले आतड्यात शोषलेच जात नाही किंवा यकृतातून पहिल्या फेरीत जातानाच मोडते. तूप-तेल भरपूर असलेल्या जेवणाबरोबर घेतले, तर रक्तातली एकूण मात्रा सुमारे चौपट आणि कमाल पातळी सुमारे पाचपट होते. म्हणजे एकाच माणसाने तेच दहा थेंब सोमवारी उपासाला आणि मंगळवारी पुरणपोळीवर घेतले, तर ती दोन वेगळी औषधे घेतल्यासारखे होते. म्हणून अपस्माराच्या रुग्णांना औषध रोज एकाच पद्धतीने घ्यायला सांगतात: नेहमी जेवणाबरोबर, नाहीतर नेहमी रिकाम्यापोटी.

जिभेखाली ठेवल्याने तेल थेट रक्तात जाते या समजुतीत तथ्य कमी आहे. तेल तोंडातल्या अस्तरातून झिरपायला नाखूश असते आणि त्यातले बरेचसे लाळेबरोबर गिळलेच जाते. दिवसातून दोनदा नियमित घेतल्यास ते शरीरात साठत जाते. त्यानंतर रक्तातली पातळी निम्म्यावर यायला ५६ ते ६१ तास लागतात. आज घेतलेला डोस उद्या संपला असे इथे नसते, आणि त्रास झाला तर तो उतरायलाही दिवस लागतात.

यकृतातला टोलनाका

तोंडाने घेतलेली बहुतेक औषधे यकृतातल्या विकरांच्या हातून मोडली जातात. या विकरांच्या मोजक्या जाती आहेत आणि एकेका जातीकडे अनेक औषधांचे काम असते. टोलनाक्यावर चार खिडक्यांपैकी दोन एखाद्या लांबलचक ट्रकने अडवून धरल्या की मागची वाहने तुंबतात, तसे सीबीडी या विकरांपैकी काहींना गुंतवून ठेवते आणि इतर औषधे न मोडता रक्तात वाढत राहतात. गोळी तेवढीच, पण परिणाम जास्त मात्रेचा.

क्लोबाझाम हे अपस्माराचे जुने औषध. त्यापासून शरीरात तयार होणारा एक क्रियाशील पदार्थ सीबीडीबरोबर रक्तात सुमारे तिप्पट होतो आणि रुग्ण पेंगू लागतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम सीबीडीमुळे वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि हृदयाची झडप बदललेल्या माणसाला हे रक्तस्रावापर्यंत नेऊ शकते. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या टॅक्रोलिमसची पातळीही चढते. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्याबरोबर गुंगी दुणावते. नेमक्या याच गोळ्या घेणारे लोक सांधेदुखीसाठी तेलाकडे वळतात आणि तेल ‘नैसर्गिक’ म्हणून डॉक्टरांना सांगत नाहीत. धोका तिथे आहे.

दुसरी गोष्ट यकृताच्या स्वतःच्या प्रकृतीची. यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली काही विकरे रक्तात सांडतात, आणि रक्त तपासून ती मोजता येतात. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉच्या चाचण्यांत सीबीडी घेणाऱ्या शंभरातील सुमारे तेरा जणांत ही पातळी सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेली, दुसऱ्या गटात शंभरातील एकात. व्हॅल्प्रोएट हे औषध सोबत चालू असलेल्यांत प्रमाण बरेच जास्त होते. बहुतेकांत मात्रा घटवल्यावर किंवा औषध थांबवल्यावर पातळी उतरली. हे आजारी मुलांपुरते आहे असेही म्हणता येत नाही. अमेरिकेत निरोगी प्रौढांना २८ दिवस दर किलोमागे ५ मिलिग्रॅम सीबीडी दिलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. शंभरात पाच-सहा जणांची यकृत-विकरे तिपटीवर गेली होती. त्यांना स्वतःला काही जाणवले असते असे नाही, रक्त तपासले म्हणून कळले. इतर दुष्परिणाम सौम्य वाटतील असे आहेत: पेंग, जुलाब, भूक मंदावणे, थकवा, कधी अंगावर पुरळ.

हे निष्कर्ष येण्याआधीच, तोवरच्या पुराव्यानुसार ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने निरोगी प्रौढांसाठीचा सल्ला ऑक्टोबर २०२३ मध्ये बदलला. आधी दिवसाला ७० मिलिग्रॅमपर्यंत घ्यायला हरकत नाही असे सांगितले होते, ते १० मिलिग्रॅमवर आणले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्याच वर्षी जाहीर केले की अन्नपदार्थ आणि पूरक आहार यांच्यासाठीचे प्रचलित नियम सीबीडीला पुरे पडत नाहीत.

लिहिलेले बाटलीत असते का

अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने संशोधकांनी विकत घेऊन तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. लेबलावर लिहिल्याइतके सीबीडी असलेली उत्पादने शंभरात एकतीस होती. बाकीच्यांपैकी काहींत कमी, बऱ्याचशांत जास्त. १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. यातली शेवटची गोष्ट ग्राहकाला सर्वाधिक भोवते. लहान मुलाला त्याने गुंगी येऊ शकते, गाडी चालवणाऱ्याचे भान सुटू शकते आणि नोकरीसाठी लघवीची तपासणी झाली तर गांजा घेतल्याचा निकाल येऊ शकतो. म्हणून बाटलीच्या रंगरूपापेक्षा त्या विशिष्ट घाण्याचा क्रमांक असलेला बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा. त्यात सीबीडी व टीएचसी मिलिग्रॅममध्ये हवे, कीटकनाशके आणि शिसे-पारा यांची तपासणी हवी, कारण भांगेचे झाड जमिनीतले जड धातू सहज ओढून घेते.

भारतातील कायदा

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याने ‘कॅनॅबिस’मध्ये चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे धरली आहेत. चरसाच्या व्याख्येत राळेचे शुद्ध रूप आणि ‘हशीश ऑइल’ही येते. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांगेचा विषय राज्यांकडे राहिला. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो. टीएचसी अमुक टक्क्यांखाली असल्यास चालेल अशी तरतूद केंद्रीय कायद्यात नाही. अमेरिकेने २०१८ च्या कृषी कायद्यात ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्याखालचे झाड मोकळे केले, त्यामुळे तिथे उघड मिळणारी फुल स्पेक्ट्रम बाटली इथल्या विमानतळावर गुन्ह्याचा माल ठरू शकते. तिकडच्या मुलामुलींनी आईवडिलांच्या गुडघ्यांसाठी सामानातून ती आणू नये. सिंगापूरमार्गे किंवा आखातातून प्रवास असेल तर धोका आणखी मोठा.

भारतात जे ‘सीबीडी तेल’ रीतसर मिळते ते बहुधा ‘विजया’च्या पानांचा अर्क म्हणून, आयुष परवान्याखाली आणि चिठ्ठीवर. विजया हे भांगेचे आयुर्वेदातले नाव. औषधे व प्रसाधने नियमांत ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. भारतीय झाडांत टीएचसी जास्त असल्याने विजया अर्कात ते चांगल्या प्रमाणात असू शकते, आणि काही बाटल्यांत ते मुद्दामच ठेवलेले असते. सीबीडी आणि टीएचसी यांचे प्रमाण वेगवेगळे लिहिलेले नसेल तर ती बाटली घेऊ नये. भांगेच्या बिया आणि त्यांचे तेल यांना अन्न म्हणून मान्यता २०२१ मध्ये मिळाली. उत्तराखंडने २०१८ पासून कमी टीएचसीच्या वाणांच्या लागवडीला परवाने दिले आहेत.

घ्यायचेच झाले तर

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सीबीडी घेऊ नये. यकृताचा विकार असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि प्रत्यारोपण झालेल्यांनी ते आपल्या मनाने सुरू करू नये. मुलाच्या अपस्मारावर दुकानातले तेल देऊन चालू औषधे कमी करणे हा यातला सर्वांत मोठा धोका आहे, कारण अपस्माराची औषधे एकदम थांबवली तर न थांबणारी, जीवघेणी आकडी येऊ शकते. सीबीडीही नियमित चालू असेल तर तेसुद्धा तसे एकाएकी बंद करत नाहीत.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने घ्यायचे ठरले, तर सुरुवातीआधी यकृताची रक्ततपासणी करावी, आणि नंतर एक, तीन व सहा महिन्यांनी. अपस्मारासाठी मान्य झालेल्या औषधाच्या माहितीपत्रकातले हे वेळापत्रक आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, त्यात आयुर्वेदिक काढे आणि झोपेच्या गोळ्याही आल्या, डॉक्टरांपुढे ठेवावी. मात्रा थेंबांत न मोजता मिलिग्रॅममध्ये मोजावी, रोज त्याच वेळी आणि जेवणाशी तोच संबंध ठेवून घ्यावी. पहिल्या काही दिवसांत गाडी चालवू नये. दुखणे किंवा झोप यांची रोजची नोंद ठेवावी आणि ठरवलेल्या मुदतीत फरक दिसला नाही तर मात्रा चढवत न जाता डॉक्टरांना विचारून ते बंद करावे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि जाताना बाटली सोबत न्यावी.